पंप गेला, की करंटच पोचला नाही?

गाडी रस्त्यात बंद पडली की बॉनेटभोवती चार पुरुष जमतात आणि चौघांची चार निदानं असतात. एक म्हणतो बॅटरी, दुसरा म्हणतो प्लग, तिसरा म्हणतो पेट्रोलमध्ये कचरा आलाय. चौथा काही न बोलता दोन वायरी हलवून बघतो. आपण बायका मात्र मुलांना धरून कडेला सावलीत उभ्या! जणू गाडीचं दुखणं म्हणजे आपला प्रांतच नाही.

पण खरं सांगू का मैत्रिणींनो, दोष शोधणं हे ताकदीचं काम नाहीच. ते क्रमाने बघण्याचं काम आहे आणि ते तर आपण रोजच करतो. कुकरची शिट्टी होत नाही म्हणून आपण लगेच नवा कुकर आणायला धावतो का? नाही ना! आधी रिंग नीट बसली का बघतो, मग शिट्टीत डाळ अडकली का बघतो, आत पाणी किती घातलं होतं ते आठवतो. एकेक शक्यता बाजूला सारत जातो. गाडीचंही नेमकं तसंच आहे.

आणि हे काही आजचं नाही बरं का! मोटारगाडीचा पहिला लांबचा प्रवास एका बाईनेच केला होता. १८८८ सालच्या ऑगस्टमध्ये जर्मनीतल्या बर्था बेंझ नवऱ्याला न सांगता त्याने बनवलेली तीनचाकी मोटार घेऊन निघाल्या. बरोबर दोन मुलगे, एक पंधरा वर्षांचा आणि एक तेरा. मानहाइम ते फॉर्त्सहाइम, शंभर किलोमीटरहून थोडं जास्त अंतर. वाटेत इंधनाची नळी तुंबली, ती त्यांनी टोपीच्या पिनेने मोकळी केली. ठिणगीच्या वायरीचं आवरण घासलं गेलं, तिथे मोज्याचा पट्टा गुंडाळला. इंधन संपलं तेव्हा औषधांच्या दुकानातून विकत घेतलं. म्हणजे बघा, एक दुखणं इंधनाचं आणि एक विजेचं. आज सव्वाशेहून जास्त वर्षांनीही पेट्रोलची गाडी बंद पडते ती बहुतेक वेळा या दोनांपैकी एका कारणाने!

तुडीलमधली दोन सीटांची गाडी

आमचं तुडील हे महाड तालुक्यातल्या खाडीपट्ट्यातलं गाव. इथल्या जवळपास प्रत्येक घरातलं कुणी ना कुणी मुंबईला, नाहीतर आखाती देशात. आमचे मोठे भाऊजीही मुंबईला नोकरीला होते. त्यांना गाड्यांचं भारी वेड. त्यांनी हौसेने एक जुनी स्पोर्ट्स कार घेतली होती, सॅन स्टॉर्म. कित्येकींनी नावही ऐकलं नसेल. आपल्या शेजारच्या गोव्यात नव्वदच्या दशकाच्या शेवटी ही गाडी बनू लागली. दोनच सीटा, वरचं छत निघणारं, इंजिन फ्रेंच रेनो कंपनीचं १.२ लिटरचं आणि अंग पत्र्याचं नव्हे, तर फायबरचं. फार गाड्या बनल्या नाहीत आणि आता तर निर्मिती केव्हाच थांबली आहे.

भाऊजी गेले. माझ्या मोठ्या जाऊबाई, ज्यांना मी ताई म्हणते, गावी राहायला आल्या आणि गाडीही आली. दीड वर्ष ती पडवीलगतच्या शेडमध्ये उभी होती. मग एक दिवस चालू होईना. ओळखीतून एका गॅरेजवाल्याला बोलावलं. तो दहा मिनिटांत म्हणाला, “टाकीतला पंप गेलाय. याचा पार्ट आता मिळणार नाही. भंगारात द्या.” दुसऱ्या दिवशी भंगारवाला दारात. त्याने सांगितलेला भाव ऐकून ताई आत निघून गेल्या. त्यांचा मुलगा मुंबईहून फोनवर म्हणत होता, “आई, कशाला ठेवतेस ते धूड? देऊन टाक.”

संध्याकाळी ताई मला म्हणाल्या, “अगं, विकायची तर विकीन. पण ही चालतच नाही असं सगळे ठरवूनच आलेत. कुणी बघितलं का नीट? मी हिच्यावरच गाडी शिकले.”

मुद्दा पैशांचाही होता आणि त्याहून मोठाही होता. ताईंच्या वस्तूचा निकाल त्यांच्या डोळ्यांदेखत दुसरेच लावत होते. मी म्हटलं, “ताई, पंप गेलाय की नाही ते आपण आधी तपासू. खरंच गेला असेल तर मग पुढचं बघू.”

माझे वडील गावोगाव घरांचं वायरिंग करायचे. लहानपणी मी त्यांच्यासाठी बॅटरी धरून उभी राहायची. त्यांचं एक वाक्य डोक्यात पक्कं बसलंय, ‘वस्तू बदलायच्या आधी करंट येतोय का बघ. आणि आला तर परत जातोय का, तेही बघ.’

आधी कान, मग डोळे, मग मीटर

किल्ली फिरवली की गाडी बरंच काही सांगते. फक्त गडबड न करता ऐकायचं.

किल्ली फिरवल्यावर नुसतंच ‘टक्’ झालं, किंवा सेल्फ रडल्यासारखा हळूहळू फिरला, तर संशय बॅटरीवर किंवा तिच्या जोडण्यांवर. सेल्फ जोरात फिरतोय पण इंजिन पकडत नाही, तर ठिणगी नाहीतर पेट्रोल, दोनपैकी एक पोचत नाही. इंजेक्शनच्या पेट्रोल गाडीत आणखी एक खूण असते. सेल्फ न मारता नुसती किल्ली चालू केली की मागून दोनेक सेकंद बारीक ‘घूंऽऽ’ असा आवाज येतो. तो पेट्रोल पंपाचा. आमच्या गाडीत सेल्फ छान फिरत होता, पण हा आवाज अजिबात येत नव्हता. गॅरेजवाल्यानेही यावरूनच पंप गेला म्हटलं असणार. पण आवाज नाही याचा अर्थ इतकाच की पंप फिरत नाही. का फिरत नाही, ते अजून कळायचंय!

पहिली तपासणी बॅटरीची. तीन-चारशे रुपयांत साधा मल्टीमीटर मिळतो. गाडी काही तास उभी असताना बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास दिसलं तर ती पूर्ण भरलेली. १२.२ म्हणजे साधारण निम्मी. १२ च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४ च्या दरम्यान दिसलं तर चार्जिंग ठीक. आमची बॅटरी चार्ज करून आणली होती, त्यामुळे तिथे अडचण नव्हती.

मग डोळे. बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरट-हिरवट भुकटी जमली होती. त्यावर उपाय आपल्या स्वयंपाकघरातच आहे. खायचा सोडा पाण्यात कालवून जुन्या टूथब्रशने घासायचं, पुसून कोरडं करायचं आणि घट्ट बसवून वर व्हॅसलीनचा हात फिरवायचा. मात्र टर्मिनल काढताना आधी उणे म्हणजे काळी वायर काढायची आणि लावताना ती शेवटी लावायची. म्हणजे पाना चुकून गाडीच्या लोखंडाला लागला तरी ठिणगी उडत नाही.

त्यानंतर फ्यूज. तो उडाला असेल तर तेवढ्याच अँपिअरचा दुसरा घालायचा. आपल्याकडे फ्यूजच्या जागी तांब्याची तार किंवा सिगारेटच्या पाकिटातला चांदीचा कागद घालणारे महाभाग कमी नाहीत. पण फ्यूज वितळतो तो वायर पेटू नये म्हणून. तार घातली की आता वायर पेटणार! पंपाचा फ्यूज चांगला होता. त्याचा रिले, म्हणजे ती छोटी चौकोनी डबी, किल्ली फिरवल्यावर बोटाखाली ‘टिक्’ करत होती. हॉर्नचा रिले त्याच नंबरचा होता, तो अदलून-बदलून पाहिला. फरक नाही. म्हणजे फ्यूज आणि रिले दोन्ही निर्दोष. पुढे चला!

फायबरच्या गाडीची गोष्टच वेगळी

वीज बॅटरीच्या अधिक टोकाकडून निघते, आपलं काम करते आणि तिला उणे टोकाकडे परत जावं लागतं. परतीची वाट बंद असेल तर दिवा लागत नाही आणि मोटरही फिरत नाही. पत्र्याच्या गाडीत ही परतीची वाट म्हणजे गाडीचं अंगच असतं. दिव्याची काळी वायर जवळच्या पत्र्याला स्क्रूने जोडली की झालं. त्यालाच अर्थिंग म्हणतात. पण फायबरमधून वीज जात नाही! त्यामुळे अशा गाडीत प्रत्येक दिव्याची, प्रत्येक मोटरची काळी वायर लांबून आणून लोखंडी चौकटीवरच्या एखाद्या बोल्टला बांधावी लागते. एका बोल्टला चार-चार, पाच-पाच वायरी. तो बोल्ट गंजला की एकदम तीन-चार दुखणी सुरू होतात आणि ती वेगवेगळी वाटतात.

आता आमच्या खाडीपट्ट्याची हवा आठवा. पाऊस वर्षाला शंभर इंचांहून जास्त, सावित्रीच्या खाडीचा दमटपणा, वाऱ्यात मीठ. शेडमध्ये उभ्या गाडीला गंज पकडायला आणखी काय हवं? शिवाय भाताच्या कोठाराजवळ उंदीर असतातच, त्यांना वायरींचं आवरण कुरतडायला भारी आवडतं.

तपासताना ताईंनी सहज सांगितलं, “उजवा इंडिकेटर दिला की मागचे दिवेपण मिणमिणायचे गं. हे म्हणायचे, जाऊ दे, म्हातारी झालीये.” ऐकताच माझे कान टवकारले. एक दिवा लावला की दुसरा उगाच मिणमिणतो, ही अर्थिंग बिघडल्याची ठरलेली खूण आहे. परतीची वाट बंद झाली की वीज दुसऱ्या दिव्यातून वाट काढते. आणि पंपही गाडीच्या मागच्याच भागात!

आता एका माणसाचं काम नव्हतं. ताई किल्लीपाशी बसल्या, मी मागे टाकीजवळ पंपाच्या वायरींच्या प्लगपाशी. शेडची दारं सताड उघडी, चूल लांब आणि आसपास कुणी विडी ओढणारं नाही याची खात्री करून घेतली. पेट्रोलचा वास येत असेल तर हे काम करायचंच नाही. टाकीजवळ बल्बचा टेस्ट लॅम्पही वापरायचा नाही, त्याची छोटी ठिणगीसुद्धा पुरते.

“ताई, द्या किल्ली!”

पंपाकडे जाणारी वायर आणि बॅटरीचं उणे टोक यांच्यात मीटर धरला. १२ व्होल्टहून थोडं जास्त. म्हणजे करंट येत होता. मग तीच वायर आणि प्लगमधली पंपाची स्वतःची काळी वायर यांच्यात धरला. जेमतेम ३ व्होल्ट! बाकीचे ९ कुठे गेले? परतीच्या वाटेत अडकले.

काळी वायर हाताने चाचपत गेलो. मागच्या चौकटीवर एक बोल्ट सापडला, चार काळ्या वायरी त्याला बांधलेल्या आणि वर हिरवट बुरशीसारखा थर. आधी बॅटरीची वायर काढली. बोल्ट सोडवला, पॉलिश पेपरने धातू लख्ख दिसेपर्यंत घासला, एका वायरीच्या टोकाचा सडलेला गोल लग बदलला, पुन्हा घट्ट आवळलं आणि व्हॅसलीन लावलं. खर्च पन्नास रुपयांच्या आत.

पुन्हा किल्ली. मागून स्पष्ट आवाज आला, ‘घूंऽऽऽ’. पंप जिवंत होता! इंडिकेटरही शहाण्यासारखा एकटाच उघडझाप करू लागला. ताई काही बोलल्या नाहीत. त्यांनी किल्ली बंद केली आणि पुन्हा एकदा फिरवून तो आवाज ऐकला.

वीज झाली, आता पेट्रोल

पंप फिरला म्हणून लगेच गाडी पळवायची नाही. दीड वर्ष टाकीत राहिलेलं पेट्रोल कसं असेल? हे काम मात्र आम्ही महाडच्या एका अनुभवी मिस्त्रींकडे सोपवलं. इंजेक्शनच्या गाडीत पेट्रोलच्या नळीत साधारण ३ बार दाब असतो, म्हणजे टायरमधल्या हवेपेक्षाही जास्त. अशी नळी घरी उघडली तर पेट्रोलचा फवारा अंगावर येतो. आपली हद्द कुठे संपते हे कळणं हाही निदानाचाच भाग आहे.

मिस्त्रींनी टाकीतलं थोडं पेट्रोल काचेच्या बरणीत काढून बाजूला ठेवलं. थोड्या वेळाने बरणीत दोन थर दिसले, वर पेट्रोल आणि तळाशी वेगळं, गढूळ पाणी. अर्धी रिकामी टाकी असली की आतल्या हवेतला दमटपणा थेंब होऊन उतरतो. त्यात आताच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं. २०२२ मध्ये देशात १० टक्के मिश्रणाचं लक्ष्य गाठलं गेलं आणि २०२५ मध्ये ते २० टक्क्यांवर गेलं. इथेनॉल पाण्याला धरून ठेवतं आणि पाणी फार झालं की त्याला घेऊन तळाशी बसतं. पंप पेट्रोल ओढतो तेही तळाशीच! शिवाय जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्या आणि वॉशर अशा मिश्रणाचा विचार करून बनवलेले नसतात. ते मऊ पडतात, फुगतात, नाहीतर तडकतात. जुनी गाडी असेल तर वर्षातून एकदा या नळ्या बघून घ्याव्यात आणि पेट्रोलचा वास आला तर त्याच दिवशी दाखवावं. इथे दुर्लक्ष म्हणजे आगीशी गाठ.

टाकी रिकामी करून धुतली, फिल्टर बदलला, नळ्या बदलल्या. मग मिस्त्रींनी नळीला दाबाचा मीटर लावून आम्हाला दाखवला. काटा तीनजवळ स्थिर. “बघा वहिनी, पंप एकदम ठणठणीत आहे,” ते ताईंना म्हणाले. सगळं मिळून तीन हजारांच्या आत काम झालं. ज्या गाडीला भंगाराचा भाव लागला होता ती दुसऱ्या सेल्फला चालू झाली.

जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्यांमध्ये, म्हणजे आपल्या फियाट-पद्मिनीसारख्या, पंप इंजिनवर चालणारा असायचा. घाटात इंजिन तापलं की नळीतच पेट्रोलची वाफ व्हायची आणि गाडी थांबायची. मग ड्रायव्हर पंपावर ओलं फडकं टाकून बसायचे. लोक हसायचे, पण ते निदान अगदी बरोबर होतं! पंप थंड झाला की वाफेचं पुन्हा पेट्रोल व्हायचं.

ज्यांच्याकडे स्पोर्ट्स कार नाही त्यांच्यासाठी

तुम्ही म्हणाल, आम्हाला काय करायचंय स्पोर्ट्स कारचं? पण दारातली स्कूटी असो, नाहीतर नवऱ्याची जुनी मारुती, क्रम हाच. बॅटरी, जोडण्या, फ्यूज, अर्थिंग आणि मग पेट्रोल. विजेपासून सुरुवात अशासाठी, की ती तपासणी स्वस्त, कोरडी आणि काहीही न उघडता होते.

एक गोष्ट मात्र आपल्या भागातल्या मैत्रिणींनी पक्की लक्षात ठेवावी. २२ जुलै २०२१ च्या पुरात महाडमध्ये किती गाड्या पाण्याखाली गेल्या ते आपण पाहिलंय. पाण्यात बुडालेली गाडी ‘बघू चालू होते का’ म्हणून कधीही सुरू करायची नाही. इंजिनात पाणी असेल तर आतले भाग वाकतात आणि ओल्या वायरींमध्ये शॉर्टसर्किट होतं. आधी बॅटरीची उणे वायर काढायची आणि गाडी ओढूनच गॅरेजला न्यायची.

आणि गॅरेजमध्ये गेल्यावर हे चार प्रश्न न लाजता विचारायचे :

१. पार्ट खराब आहे हे कसं कळलं? तपासून दाखवाल का?
२. त्या पार्टपर्यंत करंट येतोय का आणि अर्थिंग मिळतंय का, हे बघितलं का?
३. जुना काढलेला पार्ट मला परत मिळेल ना?
४. आधी स्वस्तातली कुठली शक्यता तपासता येईल?

चांगल्या मिस्त्रीला या प्रश्नांचा राग येत नाही, उलट तो खुशीने दाखवतो. ज्याला राग येतो, त्याच्याकडून गाडी परत घ्यावी.

ताईंच्या गाडीची पंधरा वर्षांची नोंदणी कधीच उलटली आहे, दर पाच वर्षांनी ती नव्याने करावी लागते. पुढच्या महिन्यात पेणच्या आरटीओत तपासणीला जायचंय. गाडी ठेवायची की एखाद्या हौशी माणसाला विकायची, हे त्यानंतर ताई ठरवतील. मुलाला त्यांनी फोनवर तसं सांगूनही टाकलं. विकली तरी ती आता चालू गाडी म्हणून विकली जाईल, तिच्या योग्य भावाला. तोवर डिकीत मल्टीमीटर, दोन जादा फ्यूज, पॉलिश पेपरचा तुकडा आणि व्हॅसलीनची डबी ठेवलेली आहे. तुमच्याही गाडीत एवढं असू द्या. जागा फार लागत नाही!